एका घराले एकच

"कोण आहेत काय मालूम," असं माही सून म्हणाली. माह्याबद्दल. मार्टातल्या बिलावरच्या पोरीनं तिले साधंच विचारलं होतं, का मॅडम, मागचे हे आजोबा तुमच्यासोबत आहेत का? दिव्यानीनं मागं वळून पाह्यलं. चांगलं निरखून पाह्यलं, टोपीपासून चपलीपर्यंत, बसस्टॅंडवर बाजूले कोणी येऊन टेकलं म्हणजे आपण पाहतो तसं, आन म्हणाली, "नाई व. कोण आहेत काय मालूम." मंग पुढं तोंड करून पर्समधून पैसे काढाले लागली. मी तेलाची कॅन पोटाशी धरून उभा. पाच लिटरची कॅन. तिच्यापुढं बी तशीच एक होती, आन दोन लायनी सोडून माहं पोरगं प्रफुल उभं होतं, त्याच्या बी ट्रॉलीत तशीच. तिघं एका घरचे, सकाळी एकाच गंजातला चहा पिऊन निघालेले. मले हासू याले पायजे होतं. नाई आलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आन मी वर एसीच्या जाळीकडं पाहत राह्यलो.

तसं ठरवूनच होतं सारं. मले फसवलं असं नाई. महिन्याच्या पहिल्या इतवारी आम्ही नागपूर रोडवरच्या त्या मार्टात जातो. मोहल्ल्यातल्या दुकानापेक्षा तिथी सारंच सस्तं, आन ठरावीक रकमेच्या वर बिल झालं का तेलाची कॅन निम्म्या भावात. पण खांबावर पाटी लावून आहे, एका कुटुंबास एकच. आता कोणाचं कुटुंब कोणतं, हे त्याइले काय सपनात दिसते? दिव्यानी हुशार बाई. एका खाजगी दवाखान्यात कागदं सांभाळते, दिवसभर आकडेच पाहते. तिनं महिन्याच्या किराण्याचे तीन वाटे पाडले. डाळी आन पीठ प्रफुलकडं, साबण-साखर-चहा माह्याकडं, उरलं ते तिच्याकडं. तीन माणसं, तीन मोबाईल नंबर, तीन बिलं, तीन कॅनी. बाहेर गाड्या लावतानाच ती सांगे, "बाबा, आतमंदी गेलो का आपण कोणीच कोणाचे नाई बरं. बोलू नका, पाहू बी नका." माही नात, शाळेत तन्वी, पण मी माह्या मायच्या नावावरून तिले ठमी म्हणतो, तिले ह्या खेळाची भल्ली मजा वाटे. मायच्या ट्रॉलीत बसून माह्या बाजूनं जाताना ती ओठ दाबून धरे, गाल फुगवे, आन पुढं गेल्यावर फुस्सकन हासे. मले बी गम्मतच वाटत होती. एकदा दिव्यानी म्हणाली होती, "आई असत्या तं अजून एक कॅन झाली असती न." हासतच म्हणाली होती. माही बायको रुखमा गेली तवा हीच पोरगी जमिनीवर लोळून रडली होती, म्हून मी बी हासलो होतो.

आन खरं सांगू का, मले तो मार्ट आवडे. महिनाभर वाट पाहो मी त्या इतवाराची, धुतलेली टोपी काढून ठेवो. माही माय ठमाबाई, नागभीडकडच्या आमच्या गावात दुकानाच्या पायरीखाली उभी राहे. छप्पनची दीक्षा होऊन गेली होती, घरातले देव नदीत गेले होते, पण दुकानाची पायरी जागची हालली नव्हती. पैसे पायरीवर ठेवाचे, दुकानदारानं त्याच्यावर पाणी शिंपडून उचलाचे, आन मीठ वरून पदरात सोडाचं. पदरात पडलं तं पडलं, नाई तं मातीत. मातीतलं मीठ माय बसून वेचे, मी तिचं लुगडं धरून उभा राहो, आन मागं उभे असलेले लोक म्हणत, उरक व लौकर. इथी पायरीच नाई. आपण आलो का काच आपोआप सरकते. आत सुटा तांदूळ हौदात भरून ठेवते, त्यात मी कोपरापर्यंत हात घालो. मूठभर काढो, वास घेओ, परत सोडो. कोणी काही म्हणत नाई. साठीच्या पुढं गेलेला झिंगुजी, आन तांदळात हात घालून उभा आहे लेकरासारखा, असं कोणी पाह्यलं असतं तं म्हटलं असतं बुढा खसकला. पण मले तिथी मायची आठवण ये, आन वाईट नाई वाटे, चांगलं वाटे. आन त्याच जागी, त्याच गार हवेत, माह्या घरच्या माणसानं मले ओळखलं नाई. त्या दुकानदाराले तरी आम्ही कोण हे पक्कं मालूम होतं. तो निदान नाव घेऊन हाका मारे, ठमे, मांगं सर.

घरी आलो तं सगळे खुशीत. तीन कॅनी ओट्यावर वळीनं ठेवल्या. दिव्यानीनं त्याच तेलात भजे तळले. चांगले झाले होते, खोटं कायले बोलू. मी वाट पाहून राह्यलो होतो का आता कोणी काही म्हणन. ती म्हणन, बाबा, राग नाई न आला? नाई तं प्रफुल म्हणन. प्लेट संपली, चहा झाला, ती कपडे वाळू घालाले गेली. मंग मीच प्रफुलले म्हटलं, "अबे, तुही बायको मले ओळखत नाई म्हणाली न आज."

"हाव न," तो हासला. "मी ऐकलं. भारी बोलली."

"भारी?"

"अहो बाबा, ते तसं बोलाच लागते. तुम्ही बी न. कॅन गेली असती एक."

"गेली असती तं गेली असती."

तवा त्यानं मोबाईलमधून डोकसं वर काढलं. माहं पोरगं औष्णिक केंद्रात ठेकेदाराकडं सुपरवायझर आहे. ठेकेदार बदलला का नोकरी राहते का जाते, हेच तो पाहत राहते. डोळ्याखाली राख बसून राहते त्याच्या, धुतली तरी जात नाई. "बाबा," तो म्हणाला, "तन्वीच्या शाळेची फी कशी जाते, तुम्हाले मालूम आहे न?" मले मालूम होतं. अशा वाचवलेल्यातूनच जाते. माही एसटीची पेन्शन औषधाच्या दुकानापर्यंत जाते आन तिथीच बसते. ह्या घरात माह्यानं काही होत असन तं ते महिन्यातून एक कॅन. मी म्हटलं, हाव बा, बरोबर आहे तुहं. त्याचं बरोबरच होतं, हेच तं दुखणं होतं. चूक असता तं भांडलो असतो. भांडाची मले सवय आहे, चिमूर डेपोले कंडक्टर होतो, गाडीभर लोकाइशी एका टायमाले भांडलो आहे. पण सगळ्याइचं बरोबर आहे आन तरी आपल्याले कोणी थोबाडीत मारल्यावानी वाटते, तवा माणसानं कुठी पाहाव?

पुरा महिना मी त्या एका वाक्यासंग काढला. दाढी करताना आठवे, आंघोळीले बसलो का आठवे. शब्दाचं नाई येवढं, त्या पाहण्याचं. तिले खोटं बोलताना जड गेलं असतं, मान खाली घातली असती, तं मी विसरलो असतो. पण ते खोटं वाटतच नव्हतं. मले वाटे का तिनं पहिल्यांदाच मले बरोबर पाह्यलं, आन तिले खरंच मालूम नाई हा बुढा कोण. आमच्या गडचिरोलीच्या गाडीत एकदा एक माणूस चढला होता, पांढरा शर्ट, पायात बूट. संग त्याची माय, तोंडावळा एकच, आंधळ्याले बी दिसला असता. त्यानं आपलं एकाचं तिकीट काढलं. मी म्हटलं, भाऊ, बाईचं? तो म्हणे, कोण बाई? ती बुढी खिडकीबाहेर पाहत राह्यली. मंग हळूच पदराची गाठ सोडली आन आपले पैसे आपण देल्ले. पुढच्या थांब्यावर दोघं संगच उतरले, त्यानं तिचं गठुडं बी घेतलं खांद्यावर. मी ड्रायवरले म्हटलं होतं, पाय बा, कशी माय आहे, एक लगावली नाई त्याले. मले वाटलं होतं बुढी भेकड आहे. ती खिडकीबाहेर काय पाहून राह्यली होती हे मले ह्या महिन्यात समजलं. ती काहीच पाहून राह्यली नव्हती. पाहाले कुठीतरी लागते म्हून पाहून राह्यली होती.

मी ठरवलं. आता पुढच्या इतवारी कोणी विचारो का न विचारो, मी मोठ्यानं सांगन. कंडक्टरचा गळा आहे, पुरा मार्ट ऐकन. ही माही सून. ते माहं पोरगं. ही माही नात आहे. आम्ही एका घरचे आहो, घे तुही कॅन परत. वाक्य मी घोटून घोटून तयार केलं. गच्चीवर एकटा असलो का हळू आवाजात म्हणून बी पाहो. 'ही माही नात आहे' हे तं दोन-दोनदा म्हणो. एक कॅन गेल्यानं कोणी मरत नाई. पण मी त्या घरात राहतो का नुसता पाहुणा म्हून उतरलो आहे, हे येकदा चारचौघात ठरून जाऊ दे, असं मले झालं होतं.

इतवार आला. बाहेर ऊन असं का गाडीच्या सीटवर हात ठेववत नव्हता. दिव्यानीनं वाटे सांगतले. ह्या वेळी म्हणाली, "आन बाबा, तिथला मॅनेजर बदलला म्हणते, कडक आहे. पकडलं तं सगळेच बिलं कॅन्सल करते. उलीसं सांभाळून." आतमंदी गेलो. तांदळाच्या हौदाकडं गेलो नाई. साबण, साखर, चहा घेतला, कॅन घेतली, लायनीत लागलो. दिव्यानी माह्या पुढं चार माणसं सोडून, प्रफुल पलीकडच्या लायनीत. पहिल्या दिवशी तिकिटाची पेटी घेऊन गाडीत चढलो होतो, तसं वाटून राह्यलं होतं. ठमी ह्या वेळी ट्रॉलीत नव्हती. मोठी झाली म्हणे, चालते. आन कुठीतरी रॅकच्या मांगं मायचा हात सुटला असन. पहिले मले तिचा आवाज आला. मंग ती दिसली, रडत, तोंड लाल, इकडून तिकडं पाहत. मायले शोधत होती. तिले मी दिसलो. तिनं खेळ नाई पाह्यला, पाटी नाई पाह्यली, "आबा!" म्हणून धावत आली आन माह्या पायाले मिठी मारली. पॅन्टीचं कापड दोन्ही मुठीत धरलं.

मांगूनच गार्ड आला, आन त्याच्या मांगं टाय लावलेला तो मॅनेजर. गार्ड म्हणाला, "सर, ही पोरगी त्या पुढच्या मॅडमसंग होती. मी अंदर येतानाच पाह्यली." मॅनेजरनं माह्या कॅनीकडं पाह्यलं, दिव्यानीच्या कॅनीकडं पाह्यलं. हासला. त्याले वाटलं धरला चोर. "काय आजोबा? आबा म्हणून राह्यली तुम्हाले. तुमची नात आहे का?"

हेच तं पायजे होतं मले. पुरा महिना ह्याच सवालाची वाट पाहून राह्यलो होतो. लायनीतले लोक माह्याकडं पाहत होते. प्रफुलनं मान खाली घातली होती, आन त्याची मांगची मान मले दिसली, घामानं चिकटलेले केस, शाळेत मास्तरासमोर उभा राहे तशीच मान. दिव्यानी पाहत नव्हती, पण तिचा हात पट्ट्यावरच्या मसाल्याच्या पुड्यावर थांबला होता. तो हात मी पाह्यला. मले तिची कीव आली. आन त्याच टायमाले, हे बी खरं आहे, मले वाटलं का आता तुले समजू दे, तुही पोरगी आहे न, तुले बी समजू दे कसं वाटते. कीव आन राग, दोन्ही एकाच घोटात आले, आन कोणतं पुढं होतं हे मले आजही सांगता येत नाई. मी म्हटलं, "नाई बा. माही नाई. कोणाची आहे काय मालूम."

आवाज चांगला निघाला. साफ. आन नुसतं म्हणून भागत नव्हतं, कारण ती सोडत नव्हती. मी खाली वाकलो आन माह्या पॅन्टीवरून तिचे बोटं सोडवले. एकेक करून सोडवले, लई घट्ट धरलं होतं तिनं. तिचं रडणं मधातच थांबलं. माह्या तोंडाकडं पाहत राह्यली, का हे गाल फुगवतीन, का आता हासतीन. मी नाई हासलो. तितक्यात दिव्यानी आली, तिनं पोरीले उचललं, आन मले म्हणाली, "सॉरी हं, आजोबा. कोणालेबी आबा म्हणते ती." मी म्हटलं, असू द्या बाई, लेकरूच आहे. मॅनेजर थोडा टाईम उभा राह्यला, मंग गेला. माही पाळी आल्यावर बिलवालीनं मोबाईल नंबर विचारला. मी नंबर सांगतला.

घरी माहा सत्कार व्हाचाच बाकी होता. "बाबांनी आज वाचवलं," दिव्यानी म्हणाली, आन हे तिनं फोनवर आपल्या मायले बी सांगतलं, बहिणीले बी सांगतलं. प्रफुल माह्या पाठीवर हात ठेवून गेला. किती वर्षानं ठेवला असन. संध्याकाळी माह्या ताटात पुरी पहिले पडली, आन दिव्यानी म्हणाली, "घ्या न बाबा, अजून घ्या, आपल्याच घरात लाजता का?" मी त्या घरचा झालो होतो. चारचौघात ठरून गेलं होतं. ठमी तिकडं कोपऱ्यात चित्रात रंग भरत होती. मी म्हटलं, ये व ठमे, पुरी खाते का? ती म्हणाली, भूक नाई. तिचा आवाज बिलकुल साधा होता. मले वाटलं, लेकरू आहे, सकाळपर्यंत विसरन. लेकरं विसरतात, असं आपण आपल्या सोयीनं म्हणतो.

सोमवारी दिव्यानीची ड्युटी लांबली. तिनं फोन केला, बाबा, आज तन्वीले तुम्ही आणाल का? मी टोपी घातली आन निघालो. शाळेच्या फाटकाशी लेकराइले उभं करून ठेवते, आन घरचं कोणी आलं का मॅडम हात धरून सोपवते. आज मॅडम नवीन होत्या. मी म्हटलं, तन्वी, तिले न्याले आलो. मॅडम वाकून म्हणाल्या, "तन्वी, हे कोण आहेत? ओळखतेस का तू यांना?"

ठमीनं माह्याकडं पाह्यलं. राग नव्हता तिच्या तोंडावर, रुसवा बी नव्हता. तिनं मान हालवली. नाई.

"अव, ठमे," मी म्हटलं.

मॅडमनं तिले आपल्या मांगं घेतलं. "तन्वी नाव आहे तिचं. तुम्ही काय म्हणालात?" चौकीदार आला, त्यानं माहा दंड धरला, जोरानं नाई, पण धरला. आलेल्या बाया आपापले लेकरं जवळ ओढून पाहाले लागल्या. पोरं पळवणाऱ्याइच्या गोष्टी आजकाल सगळ्याइच्या मोबाईलवर फिरतात. मी म्हटलं, ही माही नात आहे. कोणी हाललं नाई. मंग मी ओरडलो, पुऱ्या गळ्यानं, कंडक्टरच्या गळ्यानं, "माही नात आहे हो ही!" तेच वाक्य, महिनाभर घोटलेलं. चौकीदारानं दंड अजून घट्ट धरला आन म्हणाला, "ओ काका, आवाज खाली."

मॅडमनं दिव्यानीले फोन लावला, स्पीकरवर. माहा फोटो काढून तिले पाठवला. उन्हात टोपीखालून डोळे मिचकावणारा बुढा आन त्याचा दंड धरलेला चौकीदार, असा फोटो असन तो. मंग दिव्यानीचा आवाज आला, घाबरलेला, रडवेला, साऱ्या फाटकाले ऐकू जाईल असा. "अहो मॅडम, आमचेच आहेत ते! आमच्या घरचेच आहेत! सासरे आहेत माझे, सोडा त्यांना!" बाया हासल्या, लेकरं सोडली. चौकीदारानं दंड सोडून माहा शर्ट हातानं सारखा केला, म्हणाला, माफ करा काका, आमचं बी काम आहे. मी म्हटलं, बरोबर आहे भाऊ तुहं.

ठमीची बॅग मी खांद्यावर घेतली. ती पुढं चालली, मी मांगं. रस्त्यावर कोळशाचे ट्रक जाऊन राह्यले होते एकामांगं एक. पार करायच्या जागी मी थांबलो आन हात पुढं केला. तिनं लगेच नाई धरला. पहिले मांगं पाह्यलं, मंग दोन्ही बाजूले पाह्यलं, कोणी आपल्याले पाहून तं नाई राह्यलं न, आन कोणीच नाई असं पाहून तिनं माहं बोट धरलं.